डावा डोळा

बायकोचं चित्र पुन्हा बिघडलं, तेव्हा डोळेवाल्याने ब्रश डब्यात आपटला आणि चिंधीने तिचे दोन्ही डोळे पुसून टाकले. चिंधीला टर्पेंटाइन जरा जास्तच लागलं होतं, त्यामुळे डोळ्यांबरोबर अर्धं नाकही गेलं.

“अरे, नाक तरी ठेवायचंस,” शेजारच्या ईझलवरून आभाळवाला म्हणाला. “नाक बरं उतरलं होतं.”

“नुसत्या नाकाला काय चाटायचंय?”

“मग वहिनींना चष्मा घाल. काळा. डोळ्यांची कटकटच नको.”

डोळेवाल्याने त्याच्याकडे असं काही बघितलं की आभाळवाला मुकाट्याने आपल्या नदीकडे वळला.

ही माणसं जिथे बसली होती तो लांबलचक हॉल म्हणजे सरकारी चित्र कारखाना. म्हणजे पूर्वीचा. देशातल्या प्रत्येक शाळेत, पोस्टात, दवाखान्यात आणि केस कापायच्या दुकानात साहेबांचं चित्र लावायची सक्ती होती, आणि ती सगळी चित्रं इथून जायची. एक माणूस एक चित्र करत नसे. भिंतीलगत रूळ होता, त्यावरून कॅनव्हास सरकत यायचा. पहिल्या स्टुलावरचा माणूस साहेबांच्या मागचं निळं आभाळ रंगवायचा, पुढचा कोट, त्याच्या पुढचा कोटाची बटणं, असं करत करत अगदी शेवटी डोळे. जो जे रंगवायचा तेच त्याचं नाव पडलं. आईबापांनी ठेवलेली नावं हजेरीपुरती उरली.

मग एका सकाळी साहेब विमानात बसून गेले ते परत आलेच नाहीत. गावात आठवडाभर कुणी विश्वास ठेवला नाही. विश्वास बसल्यावर मात्र लोकांनी भिंतीवरची चित्रं काढून कारखान्याच्या दारात आणून टाकली, जशी काही दुरुस्तीलाच आणली होती. नव्या सरकारातल्या माणसांनी चित्रकारांना सांगितलं, हॉल तुमचा, रंग तुमचे, वाटेल ते काढा. महिनाअखेरीला प्रदर्शन करू, सगळं गाव बघायला येईल.

वाटेल ते काढा, हेच अवघड होतं. गोदामात कॅनव्हास पडले होते ते एकाच मापाचे, साहेब कमरेपर्यंत मावतील असे उभे. त्यांनाच पांढरा रंग फासून सगळे कामाला लागले. आभाळवाल्याला नदीकाठचा देखावा काढायचा होता, तर आडवी जागाच नाही. मग त्याने नदी वरून खाली सोडली.

“ही नदी आहे का नळ?” बटणवाल्याने विचारलं होतं.

“तुझे बटाटे बघ आधी. कोटाला लावशील असे चमकतायत.”

तेही खरंच होतं. बटणवाल्याने टोपलीभर बटाटे काढले होते आणि प्रत्येक बटाट्यावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक पांढरी लकेर मारून ठेवली होती. पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा लकेर. हात ऐकत नव्हता. आभाळवाल्याची रडकथा वेगळी. साहेबांच्या डोक्यामागे ढग चालत नसे. इतकी वर्षं त्याने एकही ढग काढला नव्हता, आणि आता देखाव्यात पहिला ढग काढताना त्याने आधी वळून दाराकडे बघितलं होतं. ढग झाल्यावर तो बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

सगळे एकमेकांची टर उडवत, आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं की आपलंही तेच झालंय. फक्त डोळेवाल्याची टर कुणी फारशी उडवत नसे. त्याला बायको काढायची होती, आणि बायको गेल्या थंडीत वारली होती. छातीत कफ भरला, आठ-पंधरा दिवस गेले आणि ती गेली. साहेब त्यानंतर गेले. थोडं थांबली असती तर तिने ते विमान बघितलं असतं, असं त्याच्या रोज मनात यायचं आणि तो ते कुणाला बोलून दाखवत नसे.

बायकोचा डावा डोळा किंचित तिरळा होता. फार नाही. परक्याला लक्षात यायलाही वेळ लागायचा. बुबुळ जरासं बाहेरच्या बाजूला सरकलेलं, दमली की थोडं जास्त. आणि नेमकं तेच डोळेवाल्याच्या हाताला जमत नव्हतं.

त्याला कारण होतं. साहेबांचे डोळे म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. पत्र्याचा एक साचा असे, तो उजव्या डोळ्यावर ठेवायचा, मग उलटा करून डाव्यावर. दोन्ही डोळे सारखे आले पाहिजेत. त्याच्या आधी या स्टुलावर दुसरा माणूस बसायचा, सगळे त्याला थोरले म्हणायचे. एकदा थोरल्यांच्या हातून डावं बुबुळ केसभर सरकलं. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं आणि चित्र एका शाळेत जाऊन लागलं. पोरं हसली. पोरं का हसली याची चौकशी शाळेतून सुरू झाली ती थेट कारखान्यापर्यंत आली. भर दुपारी थोरल्यांना स्टुलावरून उठवून नेलं. दुसऱ्या दिवशी, तोवर साहेबांचे कान काढणाऱ्या आपल्या डोळेवाल्याला त्या स्टुलावर बसवलं. ‘कानवाल्याची बढती झाली,’ असं कुणीतरी म्हणालं, पण हसलं कुणी नाही.

त्या दिवसापासून त्याने काढलेला एकही डोळा चुकला नाही. चुकवायचा म्हटलं तरी चुकणार नाही, इतका हात घाबरून शहाणा झाला. आता तोच हात बायकोच्या तोंडावर फिरायचा. तो ठरवून बुबुळ बाहेर सरकवायला जायचा, आणि ब्रश टेकताक्षणी हात आपोआप आत यायचा. चित्रात कुणीतरी चांगली, नीटनेटकी बाई तयार व्हायची. शेजारच्या बिल्डिंगमधली असावी अशी.

*

मुलगी बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसायची. दिवसभर जाळीतून लोकांशी बोलून बोलून तिचा आवाज घरीही चढाच असे. तिचं लग्न झालेलं, सासर दोन गल्ल्या सोडून. आई गेल्यापासून कामावरून सुटली की आधी वडिलांकडे यायची, त्यांचं जेवण बघायची आणि मग आपल्या घरी जायची.

“बाबा, बाहीला रंग. कॉलरला रंग. कानालासुद्धा रंग आहे तुझ्या. आज तरी जमलं का?”

“नाही.”

“अडतंय कुठे?”

“डोळा. डावा.”

ती भांडी विसळत होती, ती थांबली. “म्हणजे तू तो तसा काढणार आहेस?”

“तसा म्हणजे?”

“उगाच वेड पांघरू नकोस. तसा म्हणजे तसा.”

“मग कसा काढू?”

“बाबा, आईने जन्मभर लपवला तो. एक फोटो धड काढू दिला नाही. दरवेळी ऐन वेळेला मान फिरवायची. माझ्या लग्नात दिवसभर काळा चष्मा लावून हिंडली, माझ्या सासूला वाटलं विहीणबाईंचे डोळे आलेत. आणि तू तो सगळ्या गावासमोर भिंतीवर टांगणार?”

“मला आवडायचा.”

“तुला आवडायचा रे. तिला नाही ना.”

तो टेबलावरचा पुसलेला ग्लास उचलून पुन्हा पुसत बसला. मग म्हणाला, “ती मला सरळ दिसायला लागलीय.”

“काय?”

“डोळे मिटले की येते ना समोर, तर दोन्ही डोळे सारखे. साच्यातून काढल्यासारखे. आधी असं नव्हतं होत. आता रोज होतं. ती नसतेच ती, कोणीतरी भलतीच बाई तिचा गाऊन घालून माझ्या स्वयंपाकघरात उभी असते.” त्याने ग्लास खाली ठेवला. “अजून थोडे दिवस गेले ना, तर मला ती सापडणार नाही बघ. एकदा काढून ठेवली पाहिजे.”

मुलीने नळ बंद केला.

“काढ,” ती म्हणाली. “पण टांगायच्या आधी मी बघणार. मी नाही म्हटलं तर नाही.”

“तू नाही म्हणालीस तर नाही टांगणार.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय, तुझी आई आहे ती.”

*

थोरल्यांना तुरुंगातून सुटून काही महिने झाले होते. ते बहिणीकडे राहायचे, फारसे कुणाला भेटत नसत. पण बटणवाला प्रदर्शनाचा चिटणीस झाला होता आणि चिटणीस झाल्यापासून त्याला दम नव्हता. त्याने दोन खेपा घालून थोरल्यांना उद्घाटनाला यायला राजी केलं आणि आधी एकदा हॉल बघायला म्हणून घेऊन आला.

थोरले दारात आले तशी सगळी माणसं ब्रश ठेवून उभी राहिली. ते वाळले होते, पुढचे दोन दात नव्हते, पण कपडे कडक इस्त्रीचे. बटणवाल्याने घसा साफ केला.

“मित्रहो, ज्यांनी एका ठिपक्याने साहेबांना तिरळं करून दाखवलं, आम्ही सगळे माना खाली घालून बसलो असताना ज्यांनी एकट्याने...”

“अहो, थांबा थांबा,” थोरले म्हणाले. “एकट्याने काय? माझं स्टूल नेलं होतं कुणीतरी.”

“म्हणजे?”

“म्हणजे उजवा डोळा काढला आणि चहाला गेलो. आलो तर स्टूल गायब. खिडकीचा पडदा निघाला होता, तो लावायला कुणीतरी नेलं होतं. रूळ तर थांबत नव्हता. मग पलीकडे एक खोकं पडलं होतं, त्याच्यावर टेकलो आणि तिथून दुसरा डोळा काढून मोकळा झालो. बाजूने बघितलं की मधलं कळत नाही माणसाला. साचा सरकला.” त्यांनी खांदे उडवले. “मलाही शाळेतली पोरं हसली तेव्हाच कळलं.”

बटणवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं त्या ठिपक्याच्या जोरावर सगळ्यांनी मनातल्या मनात ताठ मान ठेवली होती.

“मग तिथे तसं सांगायचं ना!” आभाळवाला म्हणाला.

“सांगितलं की. त्यांना नाही पटलं. तुम्हालाही पटत नाहीये.” आणि दात नसलेल्या तोंडाने ते असे हसले की मग सगळेच हसले. बटणवाला सोडून. त्याचं भाषण वाया गेलं होतं.

डोळेवाला हसता हसता उठला आणि त्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. “बसा. तुमचंच आहे.”

“नको बाबा. त्याने मला भरपूर दिलंय. तूच बस.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू माझ्या जागेवर आलास ना? कान काढायचास तो?”

“हो.”

“चांगले कान होते तुझे,” थोरले म्हणाले. एवढंच. डोळेवाला इतकी वर्षं या भेटीला घाबरून होता आणि ती एवढ्यातच उरकली.

मग त्यांचं लक्ष ईझलकडे गेलं. डोळे नसलेली एक बाई तिथे उभी होती. डोळेवाल्याने अडखळत अडखळत सगळं सांगितलं. बायको, डोळा, हात. थोरले डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिले.

“कुठला डोळा?”

“डावा.”

“माझाही डावाच होता,” ते म्हणाले. “हे बघ, तू दोन्ही डोळे एकदम बघतोस. हाताला जोडी लावायची खोड आहे आपल्या, तो लावणारच. एक काढ आणि झाकून टाक. मग उठ, दुसरीकडे जाऊन बस, आणि दुसरा काढ. पहिला कसा होता ते तुला आठवताच कामा नये.”

“दुसरीकडे म्हणजे कुठे बसू?”

“ते मी कसं सांगू? त्या डोळ्याने त्या कुठे बघायच्या?”

डोळेवाल्याला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी आजवर एवढंच बघितलं होतं की डोळा सरकलेला आहे. तो कुठे सरकलेला आहे, हे फक्त घरात माहीत होतं.

“ओट्यापाशी उभी असायची,” तो म्हणाला. “मी टेबलाशी बसून दिवसभराचं सांगायचो. उजव्याने माझ्याकडे बघायची. डावा दुधावर. म्हणायची, तुला एक डोळा पुरे आहे, दुसऱ्याला संसार आहे.” तो जरा थांबला. “नंतर नंतर मग दुधावर कमी आणि दारावर जास्त. मी इथलं काही सांगायला लागलो की दारावर.”

थोरल्यांनी एक खोकं ओढलं आणि भिंतीला टेकून बसले, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी डोळेवाल्याने हॉलच्या त्याच्या कोपऱ्यात आपलं स्वयंपाकघर मांडलं. ईझल म्हणजे ती, ओट्यापाशी उभी. समोर, हात पोचेल इतक्यावर, टेबलाची खुर्ची, म्हणजे त्याचं स्टूल. तिथे बसून त्याने उजवा डोळा काढला. तो काढायला त्याला वेळ लागला नाही. उजवा डोळा त्याला कधीच अवघड नव्हता. तो सुकू दिला आणि त्यावर फडकं टाकून वरच्या बाजूला टाचण्यांनी अडकवलं.

मग स्टूल उचलून तो दाराच्या बाजूला गेला. त्यांच्या घराचं दार जिथे असतं तिथे. तिथून हात लांबवून त्याने डावा डोळा काढायला घेतला. हाताने जोडी शोधली, पण जोडी फडक्याखाली होती. बुबुळ सरकत गेलं आणि जिथे जायचं तिथे जाऊन थांबलं. पापणी वर ओढली गेली. पांढऱ्या भागात त्याने दोन लाल रेषा ओढल्या, त्या होत्याच तिथे. जिन्यावर पाऊल वाजलं की ती बोलायची थांबायची आणि हाताने त्यालाही थांबवायची. तो हातसुद्धा त्याला दिसायला लागला.

थोरले आज पुन्हा येऊन बसले होते. ते उठून जवळ आले.

“आल्या,” ते हळूच म्हणाले. “हुबेहूब असणार. आपण बघितलंय असं बघणं.”

आभाळवालाही नदी सोडून आला आणि बघत उभा राहिला. “वहिनीच,” तो म्हणाला. “देवाशप्पथ, वहिनीच. आता हात लावू नकोस.”

डोळेवाला बघत राहिला. तीच होती. भलतीसलती बाई नव्हती. कित्येक दिवसांनी ती पुन्हा त्याच्यासमोर होती आणि तिचं लक्ष दाराकडे होतं.

त्याने चिंधी उचलली.

“अरे ए! काय करतोस?”

“आता कशाला तिने दाराकडे बघायचं?” डोळेवाला म्हणाला. “साहेब गेले. आता कोण येणार आहे? तिला काय मी कायमची दारावर बसवून ठेवू?”

आणि त्याने तो डोळा पुसून टाकला. या वेळी नाक सांभाळून.

मग त्याने स्टूल उचललं आणि त्याच बाजूला, पण ईझलच्या अगदी जवळ, खाली नेऊन ठेवलं. ते नीट जमेना म्हणून स्टूल परत समोर पहिल्या जागी सारलं आणि सरळ जमिनीवर बसला.

“आता तू कोण?” आभाळवाल्याने विचारलं.

“दुधाचं पातेलं.”

“अच्छा,” आभाळवाला म्हणाला, आणि उजेड अडू नये म्हणून जरा बाजूला सरकून उभा राहिला.

तिथून बघितल्यावर सगळं वेगळं होतं. दुधावर नजर ठेवणारं माणूस घाबरलेलं नसतं. त्याला फक्त थोडी घाई असते, आणि मनात आणखी चार कामं असतात. पापणी खाली आली. बुबुळ बाहेर आणि जरासं खाली गेलं. त्याला तिची कितीतरी बोलणी आठवली, दूध वर येताना वाक्य अर्धवट टाकायची आणि गॅस बारीक करून तिथूनच पुढे सुरू करायची. दाराकडे बघायच्या वर्षांच्या आधीची बोलणी. ती गेलीच, असं त्याला वाटलं होतं. दुपार कलली तेव्हा त्याने टाचण्या काढल्या आणि फडकं उचललं.

उजव्या डोळ्याने ती त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती आणि डाव्याने त्याच्याकडे, जमिनीवर बसलेल्या.

तो बसल्या जागी रडला. थोरल्यांनी आणि आभाळवाल्याने आपापसात हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या आणि त्याचं होईपर्यंत त्या चालू ठेवल्या.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बटणवाला चित्रांखाली लावायच्या पट्ट्या घेऊन फिरत होता. बायकोच्या चित्रासमोर येऊन तो थबकला, मागे गेला, पुढे आला, आणि त्याने मांडीवर थाप मारली.

“वा! तिरळा! डावाच! अरे, भल्या माणसा, तू तर सगळ्यांवर कडी केलीस. समोरच्या मोठ्या भिंतीवर लावू. खाली लिहू, ‘साहेबांनी बंदी घातलेला डोळा.’ थोरल्यांचा मानही राहील आणि साहेबांच्या नाकावर टिच्चूनही होईल.”

“नको.”

“का? लोक टाळ्या वाजवतील.”

“अरे, ही माझी बायको आहे. तिच्यात साहेब कशाला घालतोस? इतकी वर्षं प्रत्येक चित्रात तेच होते ना?”

“पण मग खाली लिहू काय?”

“बायको.”

“नुसतं बायको? कुणाची?”

“माझी. लिही, डोळेवाल्याची बायको. नाहीतर काहीच लिहू नकोस. आणि अजून लिहूही नकोस, माझ्या मुलीने बघायचंय.”

बटणवाला कुरकुरत गेला. त्याने स्वतःच्या चित्राखाली ‘बटाटे’ एवढंच लिहिलं होतं, हे वाटेत त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो पुन्हा वाद घालायला आला नाही.

मुलगी कामावरून परस्पर आली, डेपोचा गणवेश तसाच, खांद्याला पर्स. येतानाच तिने भांडायची तयारी ठेवली होती. चेहऱ्यावरूनच कळत होतं. वडिलांकडे न बघता ती थेट ईझलसमोर जाऊन उभी राहिली.

डोळेवाला मागे उभा होता. त्याला तिची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. नाही म्हणाली तर चित्र घरी न्यायचं, स्वयंपाकघरात लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तेवढं तरी उरेल. पण मनातून त्याला ती या भिंतीवर हवी होती, उजेडात, माणसांत.

मुलगी एक पाऊल डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग खाली वाकली, जमिनीपर्यंत, आणि तशीच उकिडवी बसून राहिली. लहानपणी ती ओट्याखाली बसून अभ्यास करायची.

“बाबा.”

“हं.”

“हे असं नाही टांगायचं.”

डोळेवाल्याने मान हलवली. तिला ती दिसली नाही. “बरं,” तो म्हणाला. “कबूल केलं होतं. डोळा तुला...”

“डोळ्याला हात लावायचा नाही!” ती एकदम तिकिटाच्या खिडकीवरच्या आवाजात म्हणाली. आभाळवाल्याने आणि खोक्यावर बसलेल्या थोरल्यांनी दचकून मागे बघितलं. “डोळा आईचा आहे. दोन्ही आईचे आहेत. पण हे तोंड कुणाचं आहे?”

“तोंड?”

“हे बघ ना. नुसती रेघ मारून ठेवलीयस. पाकीट चिकटवून बंद करतात तशी. आई अशी ओठ मिटून कधी बसली होती?”

डोळेवाला पुढे झाला आणि पहिल्यांदाच त्याने ते तोंड बघितलं. खरंच रेघ होती. इतके दिवस तो डोळ्यांतच अडकला होता.

“मला ओठ येत नाहीत,” तो म्हणाला.

“चित्रकार ना तू?”

“अगं, ओठ आमच्यात कुणालाच येत नाहीत. साहेबांना मिशी होती. भली मोठी. मिशीवाला होता, त्याने खालपर्यंत मिशी रंगवली की झालं. ओठ कधी कुणी काढलेच नाहीत.”

“आणि तो मिशीवाला कुठाय?”

“त्याने सलून काढलंय. दाढ्या करतो आता. एक मिशी ठेवत नाही कुणाची.”

मुलगी हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम चालू राहिलं. तिने गणवेशाच्या बाहीने नाक पुसलं. मग उठली, त्याचं स्टूल ओढून उजेडाकडे तोंड करून बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

“मावशी म्हणते, माझं तोंड आईसारखं आहे. बघून काढ.”

“आत्ता? उद्या प्रदर्शन आहे.”

“मग लवकर काढ. आणि तिकडे घरी माझी वाट बघतायत, त्यांना मी सांगितलंय बाबाकडे जाऊन येते म्हणून, आणि तू काही आज जेवला नाहीसच, डबा तसाच दिसतोय मला तिथे. आणि थोरले कोण ते? ते का? त्यांनाही विचारलं नसशील, जेवलात का म्हणून...”

“गप्प बसशील का जरा? ओठ हलतायत.”

“आई बसली असती?”

त्याने ब्रश उचलला आणि ती बोलत असतानाच काढायला लागला.